पडलेल्या दुरुस्त्यांची गोष्ट : राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा आपले लोक काय बोलत होते?

दरवर्षी २६ नोव्हेंबर आला की मुलांच्या शाळेत उद्देशिकेचे वाचन होते. मुले घरी येऊन ती पाठ म्हणून दाखवतात. आणि मग एखादा चिकित्सक मुलगा विचारतो, "अब्बा, घटना लिहिली तेव्हा आपले लोक कुठे होते?" हाच प्रश्न कधी कधी बाहेरूनही येतो, पण त्याचा सूर वेगळा असतो. दोन्ही वेळा आपले उत्तर साधारण एकच असते : मौलाना आझाद होते. पुढे काय सांगायचे ते आपल्याला सुचत नाही.

खरे तर सांगण्यासारखे भरपूर आहे. संविधान सभेत मुस्लिम सदस्य होते, बोलत होते, भांडत होते, एकमेकांनाही विरोध करत होते. त्यांनी सुचवलेल्या बऱ्याच दुरुस्त्या मंजूर झाल्या नाहीत. म्हणून आपण समजतो की त्यांच्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही. इथेच आपली चूक होते. पडलेल्या दुरुस्तीचे पुढे काय होते, ते या लेखात आम्ही सांगणार आहोत.

सभा कोणी निवडली?

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीत झाली. सदस्य थेट जनतेने निवडलेले नव्हते. प्रांतांच्या विधिमंडळांतल्या आमदारांनी त्यांना निवडून दिले होते, आणि तेही धर्मनिहाय गट करून : सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख. मुस्लिम सदस्यांना मुस्लिम आमदारांनी निवडले. मुळात त्या आमदारांनाही सगळ्यांनी मत दिलेले नव्हते. तेव्हा मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मिळत असे. गरीब माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, बहुतेक यादीबाहेरच होता.

मुस्लिम लीगने सुरुवातीला सभेवर बहिष्कार टाकला होता. फाळणी ठरल्यावर चित्र बदलले. लीगचे जे सदस्य भारतात राहिले, ते जुलै १९४७ पासून सभेत येऊ लागले. फाळणीनंतर सभेची संख्या २९९ वर आली.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. घराघरात एकच चर्चा होती, राहायचे की जायचे? कुणाचा भाऊ तिकडे गेला होता, कुणाचे दुकान जळाले होते. अशा दिवसांत हे लोक सभागृहात उभे राहून 'कलम अमुक, उपकलम तमुक' यावर बोलत होते. हे सोपे नव्हते.

मसुदा तयार कसा झाला?

आधी वेगवेगळ्या समित्यांनी अहवाल दिले : मूलभूत हक्क, अल्पसंख्याक, केंद्राचे अधिकार, प्रांतांची रचना. या सगळ्याच्या आधारे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये २४३ कलमांचा पहिला कच्चा मसुदा तयार केला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी सभेने सात जणांची मसुदा समिती नेमली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या सात जणांत आसामचे माजी पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत) सय्यद मुहम्मद सादुल्ला हेही होते. समितीने रावांचा मसुदा तपासून, बदलून, फेब्रुवारी १९४८ मध्ये ३१५ कलमांचा मसुदा लोकांसमोर ठेवला.

समितीतला एक सदस्य वारला, एकाने जागा सोडली, कोणी परदेशी, कोणी दुसऱ्या कामात, कोणी आजारी. टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहातच सांगितले की शेवटी सगळा भार बाबासाहेबांवर पडला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सभेपुढे आला. मौलाना हसरत मोहानी यांनी त्याच वेळी आक्षेप घेतला. ही सभा धर्मनिहाय मतदारसंघांतून आली आहे, संयुक्त मतदारसंघांतून नवी सभा निवडा आणि मगच घटनेवर चर्चा करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. पण प्रश्न चुकीचा होता असे कोण म्हणेल?

मग एकेक कलम चर्चेला आले. पद्धत अशी होती : कलम वाचायचे, ज्याला बदल हवा त्याने लेखी दुरुस्ती द्यायची, सभागृहात ती मांडून कारण सांगायचे, इतरांनी बोलायचे, शेवटी बाबासाहेबांनी उत्तर द्यायचे आणि मग मतदान. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. म्हणजे जवळपास प्रत्येक वाक्यावर कोणी ना कोणी उभे राहिले.

नागपुरातून गेलेले काझी साहेब

मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा तेव्हाचा प्रांत. राजधानी नागपूर. आजचा विदर्भ त्यातच होता. तिथून संविधान सभेवर निवडून गेले होते काझी सय्यद करीमुद्दीन. विदर्भातल्या किती मुस्लिम घरांत आज हे नाव माहीत आहे? आम्हालाही ते उशिराच कळले.

डिसेंबर १९४८ मध्ये मसुद्यातले कलम १४ (आजचे कलम २०) चर्चेला आले, तेव्हा काझी साहेबांनी एक दुरुस्ती मांडली. अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर ती होती. साध्या भाषेत सांगायचे तर मागणी अशी : माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि सामान यांची अवाजवी झडती किंवा जप्ती होता कामा नये. वॉरंट काढायचे तर सबळ कारण हवे, ते शपथेवर सांगितलेले हवे, आणि कुठली जागा झडायची, काय जप्त करायचे हे वॉरंटमध्ये नेमके लिहिलेले हवे.

हा विषय सभेला नवा नव्हता. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या उपसमितीतही घराच्या सुरक्षिततेचा मुद्दा आला होता. पण अशा हक्कामुळे पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, असा आक्षेप बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी घेतला आणि तो मुद्दा मसुद्यातून गळाला. काझी साहेबांनी तो पुन्हा टेबलावर ठेवला.

बाबासाहेबांनी काय उत्तर दिले? त्यांनी ही सूचना उपयुक्त असल्याचे मान्य केले. झडतीचे नियम फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आधीच आहेत, हे खरे. पण व्यक्तीच्या स्वातंत्र्यासाठी ते विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरेल, अशा अर्थाचे ते बोलले. म्हणजे काय, तर साधा कायदा उद्या बहुमताने बदलता येतो, मूलभूत हक्क तसा सहज बदलता येत नाही. एवढे होऊनही मतदान लांबले आणि शेवटी दुरुस्ती पडली.

आता पुढचे ऐका. १९५४ मध्ये झडतीचाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात आला. एम. पी. शर्मा खटला. आठ न्यायमूर्तींनी सांगितले की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क घटनाकारांनी आपल्या घटनेत ठेवलेला नाही, तर तो आम्ही ओढूनताणून कसा आणायचा? पुढे १९६२ मध्ये खडक सिंग खटला आला. पोलीस पाळत ठेवण्यासाठी रात्री-अपरात्री त्याच्या घरी येऊन दार ठोठावत. न्यायालयाने रात्रीच्या या फेऱ्या बेकायदा ठरवल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क मात्र मानला नाही.

बघा, एका वाक्याची किंमत किती असते. १९४८ मध्ये ते वाक्य घटनेत आले असते, तर या दोन्ही खटल्यांत न्यायालयापुढे सरळ लिहिलेला हक्क असता.

मग आधार कार्डाचा वाद सुरू झाला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची याचिका होती. सरकारने हेच दोन जुने निकाल पुढे केले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असा युक्तिवाद केला. प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी एकमताने निकाल दिला : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जुन्या निकालांचा विरोधी भाग रद्द झाला. त्या निकालपत्रात संविधान सभेत काय घडले याचा आढावा आहे आणि त्यात काझी सय्यद करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीचाही उल्लेख आहे. ६९ वर्षांनी!

हा हक्क आता या देशातल्या प्रत्येकाचा आहे. काझी साहेबांनी तो 'मुसलमानांसाठी' मागितला नव्हता. त्यांच्या दुरुस्तीत कोणत्याही धर्माचे नाव नव्हते.

मातृभाषेतून शाळा : लारी साहेबांची मागणी

दुसरे उदाहरण भाषेचे. संयुक्त प्रांतातून आलेले झेड. एच. लारी यांनी डिसेंबर १९४८ मध्ये मागणी केली की अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेतून मिळण्याचा हक्क घटनेत लिहा. ही दुरुस्तीही मंजूर झाली नाही.

त्याच चर्चेत बाबासाहेबांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. अल्पसंख्याक म्हणजे फक्त धर्माने कमी असलेले नव्हेत. महाराष्ट्रातले लोक बंगालमध्ये जाऊन राहिले, तर तिथे त्यांची भाषा आणि संस्कृती अल्पसंख्याकच ठरेल, आणि त्यांनाही ती जपण्याचा हक्क हवा, असे त्यांनी सांगितले. म्हणूनच कलम २९ मध्ये 'अल्पसंख्याक' ऐवजी 'नागरिकांचा कोणताही गट' अशी व्यापक भाषा आली.

लारी पुढे पाकिस्तानात गेले. त्यांची मागणी मात्र इथेच राहिली. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे त्यात म्हटले आहे. 'प्रयत्न करावा' आणि 'हक्क आहे' यात फरक आहे, तो आम्ही लपवत नाही. तरीही उर्दू शाळेसाठी शिक्षकाची मागणी करायला पंचायत समितीत जाणाऱ्या पालकाला हातात धरायला एक कलम आहे.

राखीव जागा : घरातच दोन मते

'मुस्लिम सदस्यांचे म्हणणे' असे एकच काही नव्हते. सर्वात मोठा मतभेद याच विषयावर झाला.

ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासच्या बी. पोकर साहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ चालू ठेवण्याची मागणी केली. सभेने ती फेटाळली. मात्र मुस्लिमांसाठी विधिमंडळांत राखीव जागा असाव्यात, हे तेव्हा मान्य झाले आणि १९४८ च्या मसुद्यातही ती तरतूद होती. मे १९४९ मध्ये अल्पसंख्याक सल्लागार समितीने धार्मिक राखीव जागा काढून टाकण्याची शिफारस केली.

मोहम्मद इस्माईल साहेबांनी तिला विरोध केला. त्यांना स्वतंत्र मतदारसंघच हवे होते. सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी शिफारशीला पाठिंबा दिला. राखीव जागांमुळे अल्पसंख्याक कायमचे बहुसंख्याकांपासून वेगळे राहतील आणि शेवटी स्वतःचेच नुकसान करून घेतील, असे त्यांचे मत होते. बिहारचे तजम्मुल हुसेनही राखीव जागांच्या विरोधात होते. लारींनी तिसरा रस्ता सांगितला : राखीव जागा नकोत, पण एकेका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडा आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येऊ द्या. म्हणजे छोट्या गटालाही त्याच्या संख्येइतका प्रतिनिधी मिळेल. काझी करीमुद्दीन हेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या बाजूचे होते.

राखीव जागा गेल्या. प्रमाणशीर पद्धतही आली नाही. आज विधानसभेत आपले आमदार किती, असा हिशोब प्रत्येक निवडणुकीनंतर चहाच्या टपरीवर होतो, तेव्हा बेगम साहिबा बरोबर होत्या की लारी, हा वाद पुन्हा रंगू शकतो. आमचे मत इतकेच, की दोघांचीही भाषणे वाचल्याशिवाय वाद घालू नये.

समान नागरी कायद्याचेही तसेच. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी मोहम्मद इस्माईल, नझिरुद्दीन अहमद, पोकर साहेब अशा सदस्यांनी व्यक्तिगत कायद्यांना धक्का लागू नये म्हणून दुरुस्त्या मांडल्या. त्या नामंजूर झाल्या. पण उत्तर देताना बाबासाहेबांनी सांगितले की कलम आले म्हणजे सरकार लगेच तो कायदा सगळ्यांवर लादेल असे नाही. जे स्वखुशीने स्वीकारतील त्यांच्यापासून संसद सुरुवात करू शकेल. हे कलम आज ४४ क्रमांकाचे आहे आणि मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आजही चर्चेत दोन्ही बाजूचे लोक त्या दिवसाचे इतिवृत्त वाचून दाखवतात.

स्वल्पविरामावर भांडणारा सदस्य

पश्चिम बंगालचे नझिरुद्दीन अहमद यांच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या दुरुस्त्यांचा ढीग होता. शब्द, व्याकरण, विरामचिन्हे, काहीच त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मसुदा समिती वेळ काढते आहे, असा आरोप करून त्यांनी तिच्या इंग्रजी नावावर कोटी केली आणि तिला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे वाहवत जाणारी समिती, म्हटले.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यालाही उत्तर दिले : दिशाहीन वाहणे वेगळे आणि विषयावर हुकमत ठेवून वाहणे वेगळे. त्याच भाषणात त्यांनी पक्षाची चौकट न मानता बोलणाऱ्या काही सदस्यांचे नावे घेऊन आभार मानले. त्यांत आपल्या विदर्भातले पंजाबराव देशमुखही होते. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे बाबासाहेब बोलले.

आमच्या या लेखाचा सारा मुद्दा या एका विचारात आला.

मंजुरी, सह्या आणि निजामाचे फर्मान

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने घटना स्वीकारली. ३९५ कलमे, ८ परिशिष्टे. नागरिकत्वासारखी काही कलमे त्याच दिवशी लागू झाली, बाकीची २६ जानेवारी १९५० पासून. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी सह्या केल्या. एकूण २८४ सह्या आहेत.

अमेरिकेत १७८७ च्या घटनेला १३ पैकी ९ राज्यांची वेगळी संमती लागली होती. आपल्याकडे तसे नव्हते. प्रांतांची स्वतंत्र मंजुरी किंवा जनमत घेतले नाही. संस्थानांचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिथल्या राजप्रमुखांनी घटना मान्य असल्याचे जाहीर करायचे ठरले.

इथे मराठवाड्याचा संबंध येतो. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत संस्थान भारतात आलेच नव्हते, आणि नंतरही हैदराबादचे प्रतिनिधी संविधान सभेत बसले नाहीत. म्हणजे मराठवाड्याच्या वतीने, मुसलमान असो की हिंदू, त्या सभागृहात बोलणारा कोणीच नव्हता. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून भारताची घटना हैदराबादला लागू असल्याचे मान्य केले. मराठवाड्यासाठी मंजुरी झाली ती या एका कागदावर. प्रजेला विचारले गेले ते थेट १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. तेव्हा २१ वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला, शेतमजुराला, विणकराला, पडद्यातल्या बाईलाही, एकच आणि सारखे मत मिळाले.

मग मुलाला काय सांगायचं?

सांगायचं, की आपले लोक तिथे होते. त्यांचे एकमेकांशी पटत नव्हते. बरेच वेळा ते हरले. पण हरल्यावर ते उठून गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढच्या कलमावर पुन्हा उभे राहिले. आणि त्यांनी सांगितलेली कारणे लिहून ठेवली गेली, म्हणून पुढच्या पिढीच्या न्यायाधीशाला ती सापडली.

ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, मोहल्ल्याच्या बैठकीत आपण पुष्कळदा गप्प बसतो. "आपलं कोण ऐकणार?" म्हणतो. ऐकतील की नाही, हे आपल्या हातात नाही. पण म्हणणे लेखी देणे, त्याची पोच घेणे, ते इतिवृत्तात नोंदवून घेणे हे नक्कीच आपल्या हातात आहे.

संविधान सभेची सगळी इतिवृत्ते लोकसभेच्या संकेतस्थळावर इंग्रजीत आणि हिंदीत मोफत आहेत. एखाद्या जुम्म्याला, जेवणानंतर, घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला सांगा : डिसेंबर १९४८ ची पाने उघड, काझी सय्यद करीमुद्दीन हे नाव शोध आणि आम्हाला वाचून दाखव. पुढच्या २६ नोव्हेंबरला घरात तो प्रश्न पुन्हा आला, तर उत्तर तीच देईल.